फुरसतीचे विचार : हरण्याची किंमत

सन २०२५ च्या उन्हाळ्यांत आमच्या यवतमाळच्या घरीं एक लहानशी कुटुंब-सभा भरली. अध्यक्षस्थान अर्थातच मातोश्रींकडे होतें; फिर्यादीही त्याच होत्या. त्यांच्या पेन्शनीच्या खात्यांतून तीन आठवड्यांत अकरा हजार चारशें रुपये नाहींसे झाले होते. चोर परका नव्हता. थोरल्या बंधूंचा मुलगा, वय वर्षें सतरा, आजीचा मोबाइल ‘जरा पाहतों’ म्हणून मागून नेत असे आणि पैसे लावून खेळावयाच्या एका खेळांत तिचे रुपये लावीत असे. पहिल्या दिवशीं तो साठ रुपये जिंकला होता. पुढील अनर्थास तेवढे साठ रुपये पुरेसे झाले.

मुलानें सर्व कबूल केलें, तो रडला, आजीच्या पायां पडला. येथवर सर्व ठीक होतें. परंतु सभा उठतां उठतां आमच्या काकू जें बोलल्या तें माझ्या जिव्हारीं लागलें. त्या म्हणाल्या, “पोराला काय बोलतां? त्याचा काकाच चाळिशी उलटली तरी रात्रीं खेळत बसतो. मग पोरानें कित्ता तरी कोणाचा गिरवावा?”

या प्रश्नाचें उत्तर मला त्या वेळीं देतां आलें नाहीं. गेलीं तीस वर्षें मी व्हिडिओ-गेम खेळत आलों आहें. या सदरांत मीं पुस्तकांविषयीं लिहिलें, नाटकांविषयीं लिहिलें, प्रवासाविषयीं लिहिलें. पण माझ्या सर्वांत जुन्या छंदाविषयीं एक अक्षर लिहिलें नाहीं. त्यांत थोडी लाज होती, हें आज मान्य केलें पाहिजे. लाज वाटण्याजोगें खरोखर कांहीं आहे काय, हें पाहावें म्हणून मीं या महिन्यांत माझ्या खेळांची खतावणी मांडावयाचें ठरविलें. कसोटी एकच घेतली आहे. खेळ म्हटला कीं हरणें आलेंच. सोंगट्यांच्या पटावर तें आहे, आट्यापाट्यांच्या मैदानांत आहे, आणि विजेच्या पडद्यावरही आहे. तेव्हां प्रत्येक खेळाला मी एवढेंच विचारतों : तुझ्यांत हरण्याची किंमत काय, आणि ती कोणत्या नाण्यांत द्यावी लागते?

माझा पहिला खेळ म्हणजे बाजारांत मिळालेला, तळहातांत मावणारा, करड्या रंगाचा ‘ब्रिक गेम’. त्यावर ‘९९९९ खेळ’ असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असे. खरा खेळ एकच. वरून विटा पडत, त्या फिरवून ओळ पुरी करावयाची, आणि ओळ पुरी झाली कीं ती नाहींशी होई. त्याचें मूळ नांव ‘टेट्रिस’, आणि त्याचा कर्ता अलेक्सेई पाजित्नोव्ह हा मॉस्कोच्या विज्ञान-अकादमीच्या संगणक-केंद्रांत काम करणारा गृहस्थ, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्यानें तो १९८४ सालीं रचला. चार चौकोन एकमेकांस जोडून सात आकृति होतात. एवढ्या भांडवलावर त्यानें जगाला चाळीस वर्षें गुंतवून ठेविलें आहे.

या खेळांत जिंकणें जवळजवळ नाहींच. विटा अधिकाधिक वेगानें पडत जातात आणि केव्हां ना केव्हां ढीग माथ्याला टेकतो. प्रत्येक डाव हरण्यानेंच संपतो. २०२३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील एका तेरा वर्षांच्या मुलानें जुन्या यंत्रावर हा डाव इतका लांबविला कीं शेवटीं यंत्राचेंच गणित थिजलें. माणूस हरण्यापूर्वीं खेळच हरला, म्हणून त्याची बातमी जगभर झाली. आम्हां सामान्यांना त्यांतून शिकावयाचें तें एवढेंच, कीं चूक पुरून टाकतां येत नाहीं. एक वीट वांकडी बसली कीं तिच्यावरचें सर्व तिच्या पायीं अडून राहतें, आणि ती मोकळी करण्यासाठीं वरचें सारें आधीं धीरानें उतरवावें लागतें. हरण्याची किंमत पांच मिनिटें. या खेळाला मी पहिल्या पंक्तीला बसवितों.

दुसरा खेळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. जपानच्या निन्तेन्दो कंपनीसाठीं शिगेरू मियामोतो यांनीं तो रचला व १९८५ सालीं तो बाहेर पडला. ही कंपनी क्योतो शहरांत १८८९ सालीं निघाली ती पत्ते करण्यासाठीं. आपल्या सावंतवाडीस जशी रंगीत गंजिफा होते तसे तिकडे फुलांच्या चित्रांचे ‘हानाफुदा’ पत्ते. त्या पत्त्यांच्या दुकानांतून पुढें हा सारा पसारा वाढला. तें जपानी यंत्र आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. पाहिल्या त्या त्याच्या नकला. सुटींत दिवसाच्या भाड्यानें यंत्र आणावयाचें, बरोबर दोन ‘कॅसेटी’ आणावयाच्या, तें टी. व्ही.ला जोडावयाचें आणि चुलत, आते, मामे मिळून सात-आठ भावंडांनीं पाळीपाळीनें खेळावयाचें. यंत्र आरंभीं तीन जीव देई. आमच्या आजीनें त्यावरून घरचा कायदा केला होता : तीन जीव संपले कीं बटणें दुसऱ्याच्या हातीं. तीन जिवांत जो जितका दूर जाईल तितका जाईल. रडारड चालावयाची नाहीं.

मियामोतो यांची थोरवी मला मोठेपणीं उमगली. या खेळांत आरंभीं कोणतीही सूचना लिहिलेली नाहीं. चार पावलें टाकलीं कीं समोरून एक बुटका शत्रु चालत येतो. त्यावरून उडी मारली नाहीं तर मरण. पण पुन्हां आरंभ होतो तो अगदीं जवळून. म्हणजे मरण हाच तेथला मास्तर, आणि हा मास्तर छडी मारतो ती हलकी. दहाव्या खेपेस आपण वांचतों तें पहिल्या नऊ मरणांच्या जोरावर. जेथें चूक स्वस्त असते तेथें मूल धीट होतें, आणि जेथें चूक प्रत्येक वेळीं सारखीच फळते तेथें मूल शहाणें होतें. आमच्या शाळेंत या दोन्ही गोष्टी एकत्र क्वचितच अनुभवास येत. मारिओला दुसरी जागा.

तिसऱ्या खेळाविषयीं लिहितांना मला पक्षपात आवरणार नाहीं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा जॉर्डन मेकनर या तरुण अमेरिकन कर्त्याचा खेळ १९८९ सालीं निघाला. मला तो १९९७ सालीं, यवतमाळांत नव्यानेंच निघालेल्या एका संगणक-वर्गांत भेटला. मेकनरनें आपल्या धाकट्या भावाला पळतांना व उड्या मारतांना चित्रित केलें आणि त्या चित्रांवरून राजपुत्राची चाल रेखाटली. म्हणूनच तो राजपुत्र खरोखरीचा धापा टाकीत पळतो असें वाटतें. तळघरांतून निघून राजकन्येला सोडविण्यास एक तास मिळतो. मरण कितीही वेळां यावें, पण घड्याळ थांबत नाहीं. येथें हरण्याची किंमत वेळांत मोजावयाची.

वाटेंत एके ठिकाणीं एक आरसा आडवा येतो. राजपुत्र धांव घेऊन त्यांतून उडी मारतो, आणि दुसऱ्या बाजूनें त्याची सावली निघून पळून जाते. पुढें ही सावली त्याला छळते, शेवटीं तलवार उपसून त्याच्या समोर उभी राहते. मी तिच्याशीं दोन आठवडे लढलों. प्रत्येक घाव तिला लागे आणि रक्त माझें कमी होई. एके दिवशीं दादा मला घरीं न्यावयास आले होते. ते पाठीशीं उभे राहून पाहत होते. त्यांना खेळांतलें कांहीं कळत नव्हतें. ते म्हणाले, “अरे, तो तूंच ना? मग मारतोस कोणाला?” मीं तलवार म्यान केली. सावलीनेंही केली. दोघे एकमेकांकडे धांवले व एक झाले. आणि पुढें जेथें नुसती पोकळी होती तेथें पाऊल टाकावें तशी फरशी उमटत गेली. अद्वैतावरील प्रवचनें मीं लहानपणापासून ऐकलीं होतीं, पण त्या दिवशीं तें क्षणभर हाताला लागलें. खेळानें याहून अधिक काय द्यावें?

‘एज ऑफ एम्पायर्स’ या राज्यविस्ताराच्या खेळावर मीं कॉलेजांतील पुष्कळ रात्री खर्च केल्या. १९९७ सालीं पहिला भाग निघाला. पुढें २००७ सालीं तिसऱ्या भागाच्या पुरवणींत हिंदुस्थानचें राज्य आलें, तें पाहावयास मी हौसेनें बसलों. कर्त्यांनीं आपल्या लोकांचा गोभक्तीचा भाव खेळाच्या नियमांतच बसविला होता : हिंदी राज्यांत गाय मारून अन्न मिळवितां येत नाहीं, ती पवित्र कुरणांत ठेवावी म्हणजे अनुभवाचे गुण वाढतात. इतर बहुतेक राज्यांत नवा गांवकरी तयार करण्यास अन्न लागतें, येथें लांकूड लागतें. हिंदी शेतकरी लांकडाचा असतो, ही कल्पना करमणुकीची वाटली. आपल्या पुढाऱ्यांचाही समज फारसा निराळा नसावा. खेळ बुद्धीला चालना देणारा खरा; पण त्यांत शेंकडों गांवकरी मरतात आणि खेळणाऱ्याच्या मनास त्याची तिळमात्र टोंचणी लागत नाहीं. हरण्याची किंमत येथें मोहरे देतात, राजा देत नाहीं. इतिहासही बहुधा असाच चालतो, म्हणून या खेळाला मी खोटा म्हणत नाहीं. पण मुलांना एकट्यानें खेळूं देऊं नये.

घरच्या मालाची स्तुति करावयाची तर ती खरी असावी. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनीं रचला, तो २०२० सालीं प्रसिद्ध झाला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. राखीच्या दिवसांत तिचा धाकटा भाऊ गोलू असुर पळवून नेतात, आणि ती त्याला सोडवावयास निघते. भावानें बहिणीचें रक्षण करावें ही आपली रीत. येथें बहीण शस्त्र घेऊन निघते आणि दुर्गा व विष्णु वरून तिची कथा सांगत असतात. माझ्या पुतणीनें हा खेळ पाहतांना, “हीच खरी राखी,” असा अभिप्राय दिला. भिंतींवरील चित्रें, वाडे, कमळांनीं भरलेलीं पाणी अशीं कीं खेळ सोडून पाहत राहावें. दोष सांगावयाचा तर कथा ऐन रंगांत आली असतां एकाएकीं पडदा पडतो. पंगतींत जिलबी वाढतां वाढतां वाढपी निघून जावा तसें होतें. लढायाही पुढें पुढें एकसुरी होतात. पण चुकल्यास थोडेंच मागें जावें लागतें, आणि खेळ संपल्यावर मुलें दुर्गेची गोष्ट विचारूं लागतात. हा सौदा वाईट नाहीं.

२०२० च्या टाळेबंदींत आमचें विखुरलेलें कुटुंब ‘लुडो किंग’नें एकत्र आणलें, हेंही नमूद केलें पाहिजे. आपल्या पचिसीवरून इंग्रजांनीं लुडो केला, आणि तो महाराष्ट्रांतल्याच मंडळींच्या हातून २०१६ सालीं मोबाइलवर आला. यवतमाळांत आई, पुण्यास आत्या, नागपुरास मावशी अशा तिघी रोज रात्रीं साडेनऊला पटावर बसत. हरण्याची किंमत दुसऱ्या दिवशींच्या टोमण्यांत वसूल होई. उलट त्याच वर्षीं पुतण्यासाठीं म्हणून मीं ‘पबजी’ महिनाभर खेळून पाहिला. शंभर जण एका बेटावर उतरतात, रिंगण आवळत जातें, शेवटीं एक उरतो. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनें त्यावर बंदी घातली; पुढच्या वर्षीं तो नांव बदलून परत आला. मला त्यांतील रक्तपातापेक्षां घाई खटकली. नव्याण्णव जण हरतात आणि हरल्याबरोबर पुढच्या डावाचें बटण डोळ्यांपुढें असतें. आपण कां हरलों याचा विचार करावयास अर्धा क्षणही मोकळा ठेवलेला नाहीं. ज्या हरण्याचा विचार होत नाहीं तें फुकटच गेलें म्हणावयाचें.

आतां शेतीच्या खेळांकडे वळतों. कारण आमचें घर शेतीवर उभें आहे आणि यवतमाळ जिल्हा कापसावर. ‘फार्मव्हिल’ हा खेळ २००९ सालीं फेसबुकावर निघाला आणि २०२० च्या अखेरीस बंद झाला. त्यांत कापूसही पेरतां येई. पण पीक तयार झालें कीं ठरल्या वेळांत काढलेंच पाहिजे, नाहीं तर तें सुकून जाई. मी रात्रीं दोनला गजर लावून उठलों आहें आणि पडद्यावरचा कापूस काढून पुन्हां निजलों आहें, आणि सकाळीं दादांनीं, “आज वेंचणीला बायका कमी पडताहेत, येतोस काय?” असें विचारल्यावर, “झोंप झाली नाहीं,” असें उत्तर दिलें आहे. या खेळांत पैसे मोजले तर पीक तत्काळ तयार करून घेतां येई. येथें प्रथमच माझ्या लक्षांत आलें कीं आजवरच्या खेळांत हरण्यापासून वांचण्यासाठीं कौशल्य लागे. आतां वांचण्याची सोय विक्रीस ठेवली आहे. ज्याला वांचणें विकावयाचें असतें तो हरण्याचीं कारणेंही वाढवूनच ठेवणार.

याच्या अगदीं उलट ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणानें सुमारें साडेचार वर्षें एकट्यानें बसून चित्रें, संगीत, कथा, यंत्रविद्या सर्व केलें आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें तो प्रसिद्ध केला. शहरांतील नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांच्या पडीक शेतावर येतो आणि नांगर धरतो, एवढीच कथा. वर्षाचे चार ऋतु, प्रत्येक ऋतु अठ्ठावीस दिवसांचा. रोज उठावें, झाऱ्यानें पाणी घालावें, गांवकऱ्यांची विचारपूस करावी, रात्रीं निजावें. कोणी घाई करीत नाहीं, कोणी पैसे मागत नाहीं. मी सायंकाळीं तो खेळत असतां एकदां दादा शेतावरून आले, हातपाय धुऊन मागें खुर्चीवर बसले आणि बराच वेळ पाहत राहिले.

“पाऊस येणार हें कसें कळतें?” त्यांनीं विचारलें.

“आदल्या दिवशीं खेळांतल्या टी. व्ही.वर सांगतात.”

“आणि सांगितल्याप्रमाणें येतो?”

“येतो.”

दादा हंसले. “बरें, भाव?”

“भाव ठरलेला. रात्रीं पेटींत माल टाकावयाचा, सकाळीं पैसे जमा.”

“माल ओला आहे म्हणून कोणी भाव तोडीत नाहीं?”

“नाहीं.”

“वर्षभर तोच भाव?”

“तोच. माल उत्तम असला तर थोडा अधिक.”

“मग ही शेती नव्हे रे,” दादा म्हणाले, “ही नोकरी आहे.”

याहून नेमका अभिप्राय मीं या खेळावर वाचलेला नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील बहुतेक कापूस कोरडवाहू. मृगाच्या आशेवर सरकी टोंचावयाची, आणि पाऊस दडी मारून बसला कीं कोंब करपून जातात. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुसऱ्यानें. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें बोंडें आंतून पोखरलीं, आणि त्याच हंगामांत कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यांत वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. बॅरोनच्या खेळांत फवारणी नाहीं, सावकार नाहीं, आणि कापूसही नाहीं. त्यांत दिवस वाईट गेला तर निजण्यापूर्वीं यंत्र बंद करावें. पुन्हां सुरू केलें कीं तीच सकाळ नव्यानें उगवते. म्हणजे तेथें दुबार पेरणी फुकट आहे.

मग हा खेळ खोटा म्हणावा काय? मीं यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतें, त्यांत श्रीमंतीचें स्वप्न नाहीं. केलेल्या श्रमाला ठरलेलें दाम मिळावें, एवढेंच स्वप्न आहे. इतकें साधें स्वप्न लक्षावधि लोकांना पैसे देऊन विकत घ्यावेसें वाटतें, यांत खेळाचा दोष नाहीं. मात्र या स्वप्नालाच शेती समजून कोणी शहरांत बसून शेतकऱ्याच्या आळसाविषयीं बोलूं लागला, तर त्याला एक हंगाम यवतमाळास पाठवावें.

आतां शेवटचा खेळ. ज्यानें आईच्या पेन्शनीवर हात मारला तो. मी तोही पाहिला. पडदा सुबक, आवाज गोड, आणि जिंकलेले साठ रुपये लागलीच खात्यांत. पण मारिओच्या दहाव्या मरणांत नववें मरण उपयोगी पडतें, तसें येथें कांहीं होत नाहीं. दहाव्या डावाला नवव्याची आठवण नसते. आठवण असते ती फक्त खेळणाऱ्याला, आणि तीही वसुलीची. इतर खेळांत हरण्याची किंमत वेळांत, झोंपेंत, फार तर अभिमानांत द्यावी लागे, आणि ती खेळणारा स्वतः देई. येथें ती रुपयांत होती, आणि देणारी म्हातारी झोपाळ्यावर बसून जप करीत होती. तिला आपण खेळतों आहों हें ठाऊकसुद्धां नव्हतें.

हें दुखणें नवें नाहीं. धर्मराजाची कथा घरोघरीं ठाऊक आहे. पण त्याहूनही जुनें असें एक अक्षसूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत आहे. त्यांत जुगारी स्वतःच आपली दशा सांगतो : बायको दुरावली, आई झुरते, कर्ज झालें, आणि फांशांचा आवाज ऐकला कीं पाय पुन्हां तिकडेच वळतात. शेवटीं त्याला उपदेश मिळतो तो असा, कीं फांसे टाक आणि शेत नांगर. मीं हें दादांना सांगितलें. ते म्हणाले, “उपदेश चांगला आहे, पण त्या ऋषीनें आमची कोरडवाहू शेती पाहिलेली नव्हती. आम्ही दर मृगाला फांसेच टाकतों.” थोडें थांबून ते पुढें म्हणाले, “फरक इतकाच, कीं आम्ही हरलों तरी कोणाच्या तरी अंगावर कापड चढतें.”

त्याच वर्षीं ऑगस्टांत संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति त्याला मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे म्हणवोत कीं कौशल्याचे, चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास त्यानें बंदी केली. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेविली नाहीं, आणि पैसे न लावतां होणाऱ्या खेळांना व स्पर्धांना निराळें काढून उत्तेजन दिलें. ही विभागणी मला पटते, कारण माझ्या खतावणींतही रेघ तेथेंच पडली आहे. परंतु सरकारचा कायदा दार लावतो. दाराआड मूल एकटें कां बसलें होतें, हें पाहणें घरच्यांचें काम आहे.

येथें काकूंना उत्तर देणें आलें. माझा छंद वाईट नव्हता. पण मी तो दार लावून, सर्व निजल्यावर, एकट्यानें करीत आलों. राजपुत्राची सावली, पाजित्नोव्हच्या विटा, मियामोतोची हलकी छडी, यांतलें पुतण्याला कांहींच कळलें नाहीं. त्याला दिसला तो फक्त माझ्या दाराच्या फटींतून येणारा निळा उजेड. त्या उजेडाचा कित्ता त्यानें गिरविला. तेव्हां काकूंचा आरोप अर्धा मला मान्य आहे.

आतां यंत्र बैठकींत मांडलें आहे आणि आजीचा जुना कायदा पुन्हां लागू झाला आहे : तीन जीव, मग दुसऱ्याची पाळी. कोणताही नवा खेळ घरांत येण्यापूर्वीं आम्ही तीन प्रश्न विचारतों. हरलों तर काय जातें? जें जातें तें खेळणाराचेंच असतें काय? आणि हरल्यावर खेळ विचार करूं देतो, कीं आणखी कांहीं मागतो? वाचक-भगिनींनीं व बंधूंनीं हे प्रश्न आपापल्या घरीं विचारून पाहावे; उत्तरें सांपडण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं.

पुतण्याच्या शिक्षेचें सांगावयाचें राहिलें. आईनें पैसे परत मागितले नाहींत. दादांनीं त्याला त्या हंगामांत दर रविवारीं शेतावर नेलें. वेंचणीच्या दिवसांत एका सायंकाळीं तो वही घेऊन माझ्याकडे आला. २०२५–२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला होता. त्या दरानें आजीचे अकरा हजार चारशें म्हणजे सुमारें एक क्विंटल चाळीस किलो कापूस, असा त्यानें हिशेब मांडला होता. तोही बियाणें, खत, फवारणी, मजुरी कांहीं वजा न करतां, आणि पुरा हमीभाव मिळाला असें धरून.

“बाबा,” त्यानें दादांना विचारलें, “एवढा कापूस किती झाडांचा?”

“उद्यां चल,” दादा म्हणाले, “मोजूं.”